गस्तीवरचा पोलीस थांबवतो, तेव्हा कोणत्या अधिकाराने?

सातारकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात माझा पुतण्या दुसरी पाळी संपवून रात्री साडेबाराच्या सुमारास दुचाकीवरून घरी येत असताना गस्तीवरच्या दोन पोलिसांनी त्याला अडवले. नाव, पत्ता, कुठून आलास आणि कुठे चाललास, एवढे विचारणे मला मान्य आहे. पुढे मात्र त्याची पिशवी रस्त्यावर पालथी करण्यात आली, मोबाईल उघडायला लावून त्यातले संदेश वाचण्यात आले, आणि कारण विचारल्यावर 'सरकारी कामात अडथळा आणतोस का' असा दम मिळाला. वीस मिनिटांनी त्याला सोडून दिले. या साऱ्याची नोंद कुठेही नाही.

मी त्यानंतर कायदा वाचून काढला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या काळात संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यांबद्दल आहे, पण त्यातल्या अटी नेमक्या आहेत: उदाहरणार्थ गुन्ह्याच्या हेतूने जवळ बाळगलेले हत्यार, त्याच हेतूने झाकलेला चेहरा, किंवा चोर म्हणून लौकिक असलेल्या माणसाला आपल्या तिथे असण्याचा समाधानकारक खुलासा करता न येणे. नाव सांगण्यास नकार दिल्यावरून अटक करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ मध्ये आहे, परंतु ती अदखलपात्र (म्हणजे पोलिसाला वॉरंटशिवाय एरवी अटक करता येत नाही असा) गुन्हा पोलिसासमोर घडला असेल किंवा तसा आरोप असेल तेव्हापुरतीच. सहज विचारणे आणि अटक करणे यांच्या मधल्या टप्प्याबद्दल कायदा जवळजवळ गप्प आहे, आणि गस्तीवरचे बहुतेक काम तर याच टप्प्यात चालते. म्हणून माझे म्हणणे असे की थांबवण्याचे कारण तिथल्या तिथे सांगावे, कायद्याचा आधार असल्याशिवाय झडती घेऊ नये, आणि प्रत्येक प्रसंगाची लेखी नोंद ठेवावी.

निवृत्त_खाकी

आपल्या पुतण्याला जो त्रास झाला त्याचे समर्थन मी करणार नाही. मोबाईल वाचणे चूकच होते. तरीही एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर मला सांगावेसे वाटते की अंधारात थांबवलेला माणूस कोण आहे, हे पोलिसाला आधी कळत नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे हाती केवळ लाठी असताना पुढे झाले, कसाबची रायफल त्यांनी धरून ठेवली आणि स्वतः गोळ्या झेलल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. अशा क्षणी कोणते कलम लागू आहे याचा विचार करायला कोणाला सवड असते? संहितेचे कलम १७२ तर आता स्पष्ट सांगते की पोलिसाचे निर्देश पाळणे नागरिकावर बंधनकारक आहे. ज्या मधल्या टप्प्याबद्दल कायदा गप्प आहे असे आपण म्हणता, तिथेच कितीतरी घरफोड्या टळतात.

काळा_कोट

कलम १७२ मधला एक शब्द आपण गाळलात. निर्देश 'विधिसंमत' असला पाहिजे, म्हणजे प्रश्न पुन्हा तिथेच येतो. चौपाटीचे उदाहरणही आपल्या मताला नव्हे, तर धागाकर्त्याच्या मताला बळ देते, कारण ती नाकाबंदी हवेत लावलेली नव्हती. पळवलेल्या स्कोडा गाडीतून दोन अतिरेकी निघाल्याचा संदेश आधी आला होता, आणि म्हणूनच ती गाडी दिसताच पोलीस सावध झाले. नेमकी माहिती हीच त्या रात्री त्यांची ताकद होती.

झडतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे गोंधळ फार आहे. अंमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५० आहे. अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा आपला हक्क आहे, हे त्या व्यक्तीला सांगावे लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बलदेव सिंग प्रकरणात १९९९ साली ते बंधनकारक ठरवले. स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि मर्यादा राखून घ्यायची असते. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने केली आहे. मोबाईलमध्ये तर माणसाचे सारे आयुष्य असते. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याने, रस्त्यात उभे करून 'उघड' म्हणण्याला केवळ कुतूहल पुरेसे नाही.

बीट_अंमलदार

मी सध्या सेवेत आहे, म्हणून ठाण्याचे नाव सांगत नाही. वरच्या चर्चेत सुरक्षितता आणि कायदा एकमेकांविरुद्ध उभे केले गेले आहेत, पण माझा अनुभव तसा नाही. गाडी थांबवण्याआधी आम्ही नियंत्रण कक्षाला ठिकाण आणि गाडीचा क्रमांक कळवतो. शक्यतो दिव्याखाली थांबवतो, कारण अंधार दोघांनाही घाबरवतो. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने थोडे बाजूला उभे राहून फक्त पाहायचे. दोघे एकदम प्रश्न विचारू लागले की कोणाचेच लक्ष समोरच्याच्या हातांकडे राहत नाही. गाडीच्या पुढे किंवा मागे उभे राहायचे नाही. खिशातला कागद काढायला सांगण्यापूर्वी तो कुठल्या खिशात आहे हे विचारायचे, म्हणजे हात अचानक हलत नाही.

आणि कारण सांगायला दहा सेकंदही लागत नाहीत. 'या रस्त्यावर काल दोन गाड्या चोरीला गेल्या आहेत, म्हणून थांबवतोय' असे म्हटले की निम्मा ताण तिथेच उतरतो. 'तू' ऐवजी 'तुम्ही' म्हटल्यानेही तो उतरतो. ज्या प्रसंगांत माझ्या सहकाऱ्यांवर हात उचलला गेला, त्यांतल्या बऱ्याच वेळा आधी शिवी गेली होती, हे मला कबूल केले पाहिजे.

लेखी नोंदीला मात्र माझा विरोध आहे. बारा तासांच्या पाळीत दोघेच असताना, थांबवलेल्या प्रत्येकाची नोंद करायची म्हटली तर गस्त व्हायची कधी?

पालावरची_शिक्षिका

माझाही नोंदवहीला विरोध आहे, पण कारण वेगळे आहे. मी पारधी मुलांना शिकवते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजाला जन्मतःच संशयित ठरवले, आणि १९५२ मध्ये तो कायदा गेला तरी ठाण्यातली संशयितांची वही गेली नाही. वस्तीजवळ चोरी झाली की पहिली गाडी पालावर येते. माझ्या एका विद्यार्थ्याने आडनाव सांगितले, आणि तोवर सौम्य असलेली विचारपूस त्या क्षणी चौकशी झाली. सातारकरदादा, तुमच्या पुतण्याचे नाव वहीत गेले तर त्याला संरक्षण मिळेल. या मुलाचे नाव गेले तर पुढच्या चोरीत तेच नाव आधी वाचले जाईल. केवळ वंचित समाजात जन्मल्यामुळे कोणाचे नाव अशा नोंदींत यांत्रिकपणे येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ सालीही सांगावे लागले, यावरून काय ते समजावे.

एडिसनकर

मी अमेरिकेत राहतो. तिथे हा मधला टप्पा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या टेरी निकालाने नियमबद्ध केला: गुन्ह्याचा सांगता येण्याजोगा संशय असेल तर थोडा वेळ थांबवता येते, आणि माणूस सशस्त्र व धोकादायक असल्याचे वाटण्यास कारण असेल तर वरून चाचपता येते. तरी २०१३ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांची थांबवण्याची पद्धत घटनाबाह्य ठरली, कारण पुरेशा संशयाशिवाय लोकांना थांबवले जात होते आणि त्यात कृष्णवर्णीय व लॅटिनो लोकांबाबत भेदभाव होता. पण हे न्यायालयात सिद्ध करता आले ते थांबवल्यावर पोलिसांनीच भरलेल्या नोंदीच्या छापील नमुन्यांमुळे, ही गोष्ट ताईंनी लक्षात घ्यावी.

निवृत्त_खाकी

वरून चाचपण्याचा मुद्दा मी सोडणार नाही. शस्त्राचा संशय आला तर पोलिसाने हात लावावाच, मग कोणी काहीही म्हणो. पण पिशवी रस्त्यावर पालथी करणे म्हणजे चाचपणे नव्हे, हे मला मान्य.

सातारकर

ताईंचे उत्तर वाचून मी माझ्या मागणीतला एक भाग मागे घेतो. नोंद नागरिकाची नव्हे, पोलिसाची असावी: अंमलदाराचा क्रमांक, वेळ, ठिकाण, थांबवण्याचे कारण आणि झडती घेतली की नाही. नागरिकाचे नाव ठाण्याच्या दप्तरात जाऊ नये, मात्र त्याच नोंदीची चिठ्ठी त्याच्या हातात पडावी.

बीट_अंमलदार

झडती घेतली किंवा दहा मिनिटांहून जास्त थांबवले, एवढ्याच प्रसंगांना अशी चिठ्ठी द्यायची असेल, तर ती मी उद्यापासून लिहायला तयार आहे. नाकाबंदीतल्या प्रत्येक गाडीला मात्र नाही.

पालावरची_शिक्षिका

चालेल. फक्त ती चिठ्ठी आमच्या मुलांनाही मिळते का, ते मी पाहणार आहे.