लिंटर नापास तर मर्ज बंद: तुमच्याकडे आहे का हा नियम?

स्वल्पविराम:
सात जणांची टीम, पायथनचा जुना प्रोजेक्ट. मी सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेत, फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) आणि लिंटर (शैलीच्या आणि साध्या चुका दाखवणारं टूल) बसवले; तपासणी लाल झाली की बदल मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळत नाही. तेव्हापासून ऑफिसात धुसफूस चालू आहे.

कारण सांगतो. गेल्या महिन्यात एका पीआरवर (सहकाऱ्यांनी तपासावा म्हणून पाठवलेला बदल) १९ कॉमेंट आल्या. त्यातल्या १४ स्पेस, ओळीची लांबी आणि सिंगल कोट की डबल कोट यावर. त्याच पीआरमध्ये ०५/०४ ही तारीख ५ एप्रिलऐवजी ४ मे अशी वाचली जात होती. ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही, ग्राहकाने फोन करून सांगितलं. कोटांवर डोळे शिणवल्यावर दुसरं काय होणार?

आमचे सीनियर म्हणतात, मला यंत्राची परवानगी नको. तुमचं मत?

जुनं खोड:
मी सीनियरच्या बाजूने. लिंटर गप्प झाला म्हणजे कोड वाचनीय झाला, हा गोड गैरसमज आहे.

आमच्याकडे नियम होता: फंक्शन ५० ओळींच्या वर नको आणि प्रत्येकाला डॉकस्ट्रिंग, म्हणजे ते काय करतं याची टीप, हवीच. मग काय, ‘प्रोसेस भाग १’ आणि ‘प्रोसेस भाग २’ अशी दोन फंक्शनं जन्माला आली, आणि त्यांच्यात ११ पॅरामीटरची ने-आण. ‘गेट टोटल’ची डॉकस्ट्रिंग काय, तर ‘टोटल गेट करते’. सगळं हिरवंगार! नवीन आलेल्या मुलीने तीन दिवस डोकं धरलं.

आणि डेबियन या लिनक्सचं आठवतंय ना? २००६ मध्ये मेमरी तपासणारं टूल ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर ओरडत होतं, म्हणून दोन ओळी काढून टाकल्या. त्याबरोबर रँडम आकड्यांचा कच्चा मालच गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक). एका प्रकारच्या, एका आकाराच्या किल्लीला जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. टूलचं तोंड बंद करायच्या नादात कुलूपच मोडलं.

रात्रपाळी:
खोडसाहेब, डेबियनचं उदाहरण इथे लागू नाही. ते टूल शैली तपासत नव्हतं. शिवाय ओळी काढण्याआधी ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर विचारणाही झाली होती. चुकली ती माणसंच.

उलट उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१४, ॲपलच्या सुरक्षित कनेक्शनच्या कोडमधला ‘गोटू फेल’ बग. इफच्या (अट तपासणाऱ्या ओळीच्या) खाली ‘गोटू फेल’ ही उडी मारणारी ओळ दोनदा पडली होती. महिरपी कंस नव्हते, त्यामुळे पहिली ओळ इफची आणि दुसरी कुणाचीच नाही. ती दरवेळी चालायची आणि सर्व्हरच्या सहीची तपासणी टाळून पुढे उडी मारायची. पण इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) असं की दोन्ही ओळी इफच्या पोटातल्याच वाटाव्यात. साध्या फॉरमॅटरने दुसरी ओळ डावीकडे सरकवली असती. २०१६ च्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये अशा फसव्या इंडेंटसाठी खास इशारा आला, तो उगाच नाही.

जुनं खोड:
सरकवली असती हो, पण बघितलं कुणी असतं? मोठ्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) एक ओळ चार स्पेस डावीकडे गेली, आणि तुम्ही चहाचा कप ठेवून दचकलात, असं होतं का कधी?

रात्रपाळी:
म्हणूनच कंसांची सक्ती करणारा नियम हवा, आणि तो मर्ज अडवणाराच हवा. नुसता इशारा कोण वाचतं? आमच्या बिल्डमध्ये शेकड्याने पिवळ्या ओळी येतात, त्यांच्याकडे मी ट्रॅफिक पोलिसाच्या शिट्टीइतकंच लक्ष देतो.

टॅबवाली:
गो भाषेत या आणि सुटा. तिच्या फॉरमॅटरला, गोफमटला, शैलीचे पर्यायच नाहीत. टॅब म्हणजे टॅब. गोच्या निर्मात्यांपैकी रॉब पाइक म्हणालाच आहे की गोफमटची शैली कुणाचीच आवडती नाही, पण गोफमट सगळ्यांचं आवडतं आहे. पायथनवाले मात्र ओळीत पीईपी ८ या शैली-नियमावलीची ७९ अक्षरं की ब्लॅक या फॉरमॅटरची ८८, यावर जेवणाची सुट्टी घालवतात.

ब्लेमग्रस्त:
एक व्यवहाराची गोष्ट. जुना कोड एका दमात फॉरमॅट केलात तर गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) प्रत्येक बदललेल्या ओळीवर तुमचंच नाव लागेल. माझं लागलंय, अजून लोक मला २०१७ चं लॉजिक विचारतात. तो कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळा ठेवा, त्यात दुसरा एकही बदल नको, आणि ब्लेमने दुर्लक्ष करायच्या कमिटांच्या, म्हणजे इग्नोर रेव्हजच्या, फाइलमध्ये त्याचा हॅश (ओळख क्रमांक) टाका. गिट २.२३ पासून ही सोय आहे.

स्वल्पविराम:
हे माहीत नव्हतं, आभार. खोडसाहेबांचं अर्धं पटलं: फंक्शनच्या लांबीचा आणि डॉकस्ट्रिंगचा नियम आमच्याकडेही होता, तो आज काढला. फॉरमॅटर आणि न वापरलेली व्हेरिएबल्स यांवर मात्र मर्ज अडणारच. सीनियर चिडले तरी चालेल.

जुनं खोड:
बरं, आणि त्या तारखेच्या बगसाठी टेस्ट लिहिली का?

स्वल्पविराम:
...अजून नाही.