अर्काइव्ह: सबमिट केलेल्या पेपरात चूक दिसली, अनसबमिट, रिप्लेस की विथड्रॉ?

शेषपद:
अर्काइव्हवर (arXiv, जर्नलमध्ये छापण्याआधी संशोधनलेख सगळ्यांसाठी खुले ठेवायचं संकेतस्थळ) संख्यासिद्धान्त विभागात आज दुपारी पेपर सबमिट केलाय. अजून जाहीर झालेला नाही. सहलेखकाच्या आडनावाचं स्पेलिंग आणि समीकरण ७ मधलं एक चिन्ह बदलायचंय. चुकीची प्रत पूर्ण पुसता येते का? शिवाय आधीचा एक पेपर आता जर्नलमध्ये छापून आलाय. नुसता डीओआय (छापलेल्या लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकायलाही नवी आवृत्ती लागते का?

तळटीप:
आधी घड्याळ बघा. त्या दिवसाच्या फेरीत पेपर धरला जाण्याची मुदत सोमवार ते शुक्रवार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी २ ची. म्हणजे तिथल्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे रात्री ११.३०, नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की १२.३०. त्याच्या आत असाल तर आपल्या खात्याच्या पानावरून 'अनसबमिट' करा, दुरुस्ती करा आणि परत सबमिट करा. हे शेवटचं बटण हमखास राहतं. मग पेपर 'इनकम्प्लीट' म्हणून पडून राहतो आणि १४ दिवसांनी उडतो. रांगेतली जागाही नव्या वेळेप्रमाणे मागे जाते, पण दोन चुकांसाठी तेवढं परवडतं.

मुदत टळली असेल तर काही करू नका. सकाळी ५.३० ला (तिथल्या हिवाळी वेळेत ६.३०) जाहीर होऊ द्या, मग 'रिप्लेस', म्हणजे त्याच पेपराची नवी आवृत्ती. शुक्रवारी रात्रीच्या मुदतीनंतर दिलेला पेपर मात्र थेट मंगळवारी सकाळी दिसतो.

डीओआयसाठी नवी आवृत्ती लागत नाही. 'जर्नल रेफ' मधून संदर्भ आणि डीओआय भरा, आवृत्तीचा क्रमांक तोच राहतो.

ऋण_एक:
आडनाव दोन ठिकाणी असतं: टेक फायलीत (जिच्यातून पीडीएफ बनते तो मूळ मजकूर) आणि सबमिशनच्या फॉर्ममधल्या लेखकांच्या रकान्यात. शोधयंत्रं आणि संदर्भयाद्या फॉर्ममधलं उचलतात. फक्त पीडीएफ सुधारली तर चुकीचं नाव तसंच फिरत राहतं. आणि जाहीर झाल्यावर हा रकाना बदलायचा तरी नवी आवृत्तीच करावी लागते, म्हणून आजच उरका.

पुसण्याचं म्हणाल तर, जाहीर झालेलं काहीच पुसलं जात नाही. विथड्रॉ केलं की 'मागे घेतला' अशी एक नवी आवृत्ती तयार होते. पहिली तिच्याखाली कुणालाही उघडता येते. चिन्हासाठी विथड्रॉ करणं म्हणजे स्वतःच्या पेपरावर काट मारणं. मुख्य प्रमेयच कोसळलं असेल तर ते योग्य, आणि तेव्हाही शेऱ्यात नेमकं कारण लिहा: कुठल्या लेम्मातली कुठली पायरी चुकली.

रिप्लेसच्या वेळीही शेरा मोघम नको. 'किरकोळ दुरुस्त्या' वाचून कुणाला काय कळणार? 'समीकरण ७ मधलं चिन्ह दुरुस्त. प्रमेय २ वर परिणाम नाही' असं इंग्रजीत लिहा. मात्र नवं सबमिशन सुरू करू नका. एकाच पेपराला दोन क्रमांक मिळाले की संदर्भ विभागले जातात.

तळटीप:
रिप्लेस करताना सगळ्या फायली पुन्हा चढवाव्या लागतात, फक्त बदललेली देऊन भागत नाही. लाटेकवर केलेला पेपर असेल तर पीडीएफ चालत नाही, मूळ टेकच मागतात. तिथे अडतं ते असं: विंडोजवर 'Fig1' आणि 'fig1' यांत लहान-मोठ्या लिपीचा फरक खपतो, त्यांच्या सर्व्हरवर खपत नाही, आकृती गायब. पीडीएफलाटेक (थेट पीडीएफ बनवणारं लाटेक) वापरताय तर आकृत्या पीडीएफ, पीएनजी किंवा जेपीजी हव्यात. एखादी ईपीएस (जुन्या प्रकारची आकृती-फाइल) मध्ये घुसली की गडबड. बीबीएल फाइल (तयार संदर्भयादी) मुख्य टेक फायलीच्याच नावाची जोडा, नाहीतर संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. तारखेसाठी 'टुडे' ही आज्ञा टाळा, कारण पीडीएफ पुन्हा बनली की तारीख बदलते.

आणि टेक फायलीतल्या टक्क्याच्या चिन्हामागच्या, पीडीएफमध्ये न दिसणाऱ्या टिपा काढून टाका. मूळ टेक कुणीही उतरवून घेऊ शकतो. परीक्षकाबद्दलचे उद्गार तिथे वाचायला मिळतात.

शेषपद:
मुदतीच्या आत अनसबमिट झालं, दुरुस्त करून परत दिलं. पुढची आवृत्ती सहलेखकाला चढवायची असेल तर?

ऋण_एक:
जाहीर झाल्यावर तुमच्या खात्यात त्या पेपराचा पासवर्ड दिसेल. तो त्यांना द्या. स्वतःच्या खात्यातून मालकी नोंदवली की त्यांनाही रिप्लेस करता येईल. लेखकांत नाव आहे एवढ्याने हा हक्क मिळत नाही.