डिप्रेशनच्या गोळीचं जेनेरिक: फरक असतो का? लवकर सांगा

चिऊताई_मुलुंड: स्टेशनबाहेरच्या जेनेरिकच्या दुकानातून गोळी आणली. निम्म्याहून स्वस्त. दुकानदार म्हणाला, तीच आहे. पण तेव्हापासून झोप उडालीये, हात थरथरतात. परत जुनी सुरू करू का? डॉक्टर गावाला गेलेत.

स्लो_लोकल: कुठली गोळी? किती मिलिग्रॅम? घेतंय कोण? धागा काढताना एवढं तरी लिहा हो.

चिऊताई_मुलुंड: एस्सिटालोप्राम 10. आईसाठी, अजून कोणासाठी! वर्ष झालं चालू होऊन.

घाटकोपरचा_बाबू: तरी सांगत असतो, औषधात काटकसर नको. कंपनीची ती कंपनीची.

केमिस्टबुवा: कुठली कंपनी, बाबूशेठ? मूळ औषध डेन्मार्कच्या लुंडबेकचं. आपल्याकडे 2005 पर्यंत औषधावर पेटंट नव्हतंच, बनवायच्या पद्धतीवर मिळायचं. तुम्ही ब्रँड म्हणून घेता त्यातलं बरंचसं जेनेरिकच आहे, वर नाव छापलेलं आणि एमआरचा, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या कंपनीच्या माणसाचा, खर्च चढवलेला.

घाटकोपरचा_बाबू: मग 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या सरकारी औषध खात्याने, बुप्रोपिऑनचं (तीही डिप्रेशनचीच गोळी) एक जेनेरिक बाजारातून का काढायला लावलं?

केमिस्टबुवा: ती हळूहळू विरघळणारी 300 ची गोळी होती. मंजुरी दिली 150 च्या चाचणीवर आणि 300 ची तपासली तेव्हा औषध रक्तात पुरेसं उतरेना. एस्सिटालोप्राम साधी गोळी आहे. उगाच घाबरवू नका बाईंना.

आजीचा_बटवा: रात्री दुधात चिमूटभर जायफळ. गोळ्यांच्या नादी लागूच नये.

परळची_सिस्टर: ताई, जुनी स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा बघू. नावापुढे 'प्लस' वगैरे आहे का?

चिऊताई_मुलुंड: हो, प्लस आहे. खाली क्लोनाझेपाम 0.5 पण लिहिलंय. नवीनवर ते नाही! चिठ्ठीत नुसतं ब्रँडचं नाव होतं, दुकानदाराने मोबाईलवर शोधून दिली.

परळची_सिस्टर: मग हे जेनेरिकमुळे नाही, अर्धं औषधच बंद पडलंय. क्लोनाझेपाम म्हणजे मन शांत करणारं, झोप आणणारं औषध. वर्षभर घेतलेलं ते एकदम तोडायचं नसतं. झोप जाते, थरथर सुटते, क्वचित फिटही येते. डॉक्टरांना आत्ता फोन लावा. नाही उचलला तर दोन्ही स्ट्रिपा घेऊन आईंना आजच जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, रात्र झाली तरी कॅज्युअल्टीत. एस्सिटालोप्राम मनाने थांबवू नका. आणि जुनी-नवी एकत्र अजिबात नको, 10 चे 20 होतील. वयस्कर माणसांना साधारण 10 च्या वर देत नाहीत.

स्लो_लोकल: जायफळवाल्यांनी हे दोनदा वाचावं. आणि रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416.

आजीचा_बटवा: जायफळाने कोणाला फिट आल्याचं ऐकलं नाही बुवा.

चिऊताई_मुलुंड: डॉक्टरांनी उचलला फोन. सिस्टरांनी सांगितलं तेच म्हणाले. दोन्ही औषधांची नावं लिहून नवी चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवलीये, भाऊ आणायला गेलाय. जेनेरिक चालेल म्हणाले, फक्त दर महिन्याला कंपनी बदलू नका. थँक्यू सिस्टर.

घाटकोपरचा_बाबू: मी तरी घेणार नाही.

वडापाव_प्रेमी: थायरॉइडच्या गोळीचं जेनेरिक चालतं का? बायकोसाठी विचारतोय.

केमिस्टबुवा: वेगळा धागा काढा. आणि मिलिग्रॅम नाही, मायक्रोग्रॅम लिहा.