मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या ग्राऊस-माळावर मेलेला गरुड दिसला तर नेमकं काय करायचं?

पुढच्या महिन्यात सात-आठ जणांचा गट अँगस ग्लेन्समध्ये चालायला जातोय. ग्राऊस या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेल्या माळांवर गरुड, बझर्ड, हेन हॅरियर असे शिकारी पक्षी बेकायदा मारले जातात. उपग्रह-टॅग लावलेल्या १३१ तरुण सोनेरी गरुडांपैकी ४१ संशयास्पद रीतीने नाहीसे झाले, असं २०१७ च्या सरकारी अहवालात आहे. असं काही दिसलं तर पुरावा कसा जपायचा? पिंजऱ्यात अडकलेला पक्षी सोडवायचा का?

प्रतिसाद १
हात अजिबात लावू नका, कुत्रा असेल तर पट्ट्याला धरा. गरुडांना मारायला मेलेल्या सशाचं पोट फाडून आत कार्बोफ्युरान हे जहाल कीटकनाशक पेरतात. आपल्याकडे शेतात फ्युराडान म्हणतात तेच. ब्रिटनमध्ये २००१ पासून बंद आहे. ते कातडीतूनही भिनतं. सशावर मेलेल्या माश्या आणि शेजारी पंजे घट्ट आवळलेला पक्षी दिसला, तर विषच धरून चाला.

पहिला फोटो लांबून, मागचा डोंगर किंवा कुंपण येईल असा. मग जवळून, बाजूला नाणं ठेवून, पण आमिषापासून हातभर दूर. जागा दाखवणारे नकाशावरच्या ग्रिडचे आकडे, तारीख, वेळ तिथेच लिहा. रिकामी काडतुसं, थोटकं उचलू नका. मग १०१ ला (पोलिसांचा तातडीच्या नसलेल्या कामांचा क्रमांक) फोन करून ‘वन्यजीव गुन्हा’ असंच सांगा आणि नोंद क्रमांक मागून घ्या. फेसबुकवर टाकू नका. पोलीस पोचायच्या आत पक्षी गायब होतो.

प्रतिसाद २
एक महत्त्वाचं राहिलं. स्कॉटलंडच्या कायद्यात गुन्ह्याच्या प्रत्येक मुख्य मुद्द्याला दोन स्वतंत्र पुरावे लागतात. एकाने पाहून बाकीच्यांना नुसतं सांगितलं, तर खटला तिथेच लंगडा पडतो. म्हणून किमान दोघांनी स्वतः पाहावं आणि आपापलं टिपण वेगळं लिहावं, एकमेकांचं बघून नाही. माळावर चालायचा हक्क २००३ च्या कायद्याने आहे, त्यामुळे कोणी हटकलं तरी घाबरू नका.

प्रश्नकर्ता
आणि पिंजऱ्याचं?

प्रतिसाद ३
पिंजरा दिसला म्हणजे गुन्हा झाला असं नाही. कावळे पकडायला परवानगी आहे. आत आमिषाचा जिवंत कावळा असतो. त्याला दाणा, पाणी, आडोसा, बसायला दांडी हवीच, पिंजरा रोज तपासायला हवा आणि त्यावर क्रमांकाचा टॅग हवा. तो क्रमांक आधी टिपा. मोडतोड करू नका, उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. शिकारी पक्षी अडकलेला असेल तर स्कॉटिश एसपीसीए या प्राणीरक्षण संस्थेला कळवा. आमिष म्हणून जिवंत कबूतर ठेवलेलं असेल, तर तो सापळा बहुधा गॉसहॉक या शिकारी पक्ष्यासाठी, आणि सरळ बेकायदा. खांबाच्या टोकावर स्प्रिंगचा सापळा तर १९०४ पासून बंद आहे. दिसला की लगेच १०१.