अनुभव धागा: डोक्यात काळजी असताना मन कशात रमलं?

लालबागची लेक:
काल मुंबईत शून्य सावली होती ना, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, साडेबारानंतर लेक मला गच्चीवर ओढूनच घेऊन गेली. प्लंबिंगचा उरलेला पाइप तिने उभा धरला, १२:३५ च्या आसपास ऊन सरळ आरपार जमिनीवर, सावली म्हणून नुसती कडेची गोल रेघ! यांच्या ऑफिसात कपात चालू आहे, आठवडाभर घरात कुणी धड बोललेलं नाही, पण तेवढा वेळ आम्ही दोघी त्या रेघेकडे बघत उकिडव्या बसलो होतो. आणि बाबांची आठवण आली. बाबा गिरणीत साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते, १९८२ चा संप झाला आणि गिरणी गेली ती गेलीच. १९८६ ला हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा पहाटे मला उठवून चाळीच्या गच्चीवर न्यायचे. शहराच्या उजेडात तो धड दिसला नाही पण आकाशातली वृश्चिक रास ओळखायला मी तिथेच शिकले. बाबा म्हणाले, २०६१ ला परत येणारे, तेव्हा चष्मा लावून नीट बघ. घरात तेव्हा उद्याच्या भाजीची पंचाईत होती!
तुमचेही अनुभव लिहा, छोटे असले तरी चालतील.

विदर्भकन्या:
बाबा किती गोड गं. नागपूरला कधी असते शून्य सावली?

लालबागची लेक:
२६ मेच्या आसपास बघ. जुलैतही एकदा येते पण तेव्हा ढग असतात.

मेहकरकर:
जून २०२० ला लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मी गावी अडकलेलो, दुकान बंद, हप्ते चालू. लोकं म्हणायची अशुभ आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं तर त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले, पाणी आटून खारटपणा वाढला की त्यांचा रंग चढतो. मी दहावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलं नव्हतं, त्या महिन्यात रोज रात्री मोबाइलवर हेच वाचत बसायचो

सातासमुद्रापार:
क्लीव्हलँडहून लिहितेय. मार्च २०२४ मध्ये नोकरी गेली, एच-वन-बी व्हिसावर ६० दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर बॅगा भरायच्या. ८ एप्रिलला खग्रास ग्रहण. नवरा म्हणाला आज अर्ज राहू देत, चल. जवळजवळ चार मिनिटं दिवसाढवळ्या काळोख, रस्त्यावरचे दिवे लागले, शुक्र लखलखीत दिसला, आणि शेजारच्या आजोबांनी, ज्यांच्याशी आमचं कधी हाय-हॅलोही नव्हतं, त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी रडत होते आणि भीती वाटत नव्हती, इतकंच आठवतं.

विदर्भकन्या:
मग नोकरीचं काय झालं???

सातासमुद्रापार:
मिळाली गं, मुदत संपता संपता. कुकर झालाय, येते नंतर.

जुई_पुणे:
आईची केमो चालू होती तेव्हा बाल्कनीत कपड्यांच्या तारेवर शिंजीर पक्ष्याच्या मादीने घरटं बांधलं. कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणून आणून त्यात काड्या, सालं गुंतवत होती, वर दाराला छोटं छज्जासारखं. आईने तारेवर कपडे घालायची बंदीच केली सगळ्यांना. डॉक्टरांना रिपोर्टच्या आधी पिल्लांची बातमी सांगायची. पिल्लं उडाली त्या दिवशी तिने स्वतःहून खिचडी मागून घेतली.

लालबागची लेक:
जुई, आई कशा आहेत आता?

जुई_पुणे:
बऱ्या आहेत. परवा भाजी आणायला स्वतः गेल्या.

रानमाळ:
आमच्याकडं मृगाचे किडे. लाल मखमली. पहिला पाऊस झाला की बांधावर निघतात, बोट लावलं की पाय आत घेऊन गप पडून राहतात. मागच्या साली पाऊस लांबला, दुबार पेरणीची धास्ती, आणि नातू किडे शोधत बांधावर फिरायचा. एक दिवस ओरडतच आला, आबा निघाले! त्याच्या तळहातावर तीन. मी सगळं सोडून बघायला गेलो. आता यंदाचं बघू. घरचं सोयाबीन ठेवलंय बियाण्याला.

मेहकरकर:
आबा उगवण तपासली का? आमच्याकडे घरचं बी निम्मंसुद्धा उगवलं नव्हतं एकदा

रानमाळ:
लावलंय ना. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळलेत, मोजायचं काम नातवाचं. सत्तरच्या वर फुटले तर पेरायचं. तो रोज दोनदा उघडून बघतोय, त्याला सांगून दमलो की सारखं उघडू नको, वाळतंय.

विदर्भकन्या:
आबा किती फुटले ते इथे नक्की कळवा हं!