रेगेक्सला फेब्रुवारी कळत नाही

तारीख तपासायला आपण नेहमी लिहितो तो रेगेक्स (मजकूर जुळवून बघायचा साचा) महिना १२ पर्यंत आणि दिवस ३१ पर्यंत बरोबर अडवतो, पण ३१/०२/२०२३ त्यातून आरामात निसटते. लीप वर्षाचे नियम रेगेक्समध्ये कोंबता येतात म्हणा, पण सहा महिन्यांनी तो वाचणार कोण? तारीख पार्सरकडेच (मजकूर वाचून त्याची तारीख बनवणाऱ्या कोडकडे) द्यावी.

मात्र पार्सरही भाबडेपणाने वापरू नका. जावातला जुना सिंपलडेटफॉरमॅट मुळात ढिला आहे, ३१ फेब्रुवारीचा गुपचूप ३ मार्च करतो. सेटलीनियंट फॉल्स केल्यावरच तक्रार करतो. नवीन डेटटाइमफॉरमॅटर त्याहून गोड बोलतो: त्याची डीफॉल्ट स्मार्ट पद्धत तीच तारीख २८ फेब्रुवारीवर आणून ठेवते आणि एररही देत नाही! रिझॉल्व्हरस्टाइल स्ट्रिक्ट लावा, आणि पॅटर्नमध्ये वर्षासाठी चार वाय न लिहिता चार यू लिहा. स्ट्रिक्टमध्ये वायला सोबत इराही (इसवी सन की इसवी सनपूर्व) लागतो, नाहीतर अगदी खरी तारीखही नापास होते. इथे बरेच जण अडकतात.

वेळेचं म्हणाल तर भारतापुरतं काम असेल तर फार डोकेदुखी नाही. पण अमेरिकेतले युजर असतील तर १० मार्च २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये पहाटे २:३० वाजलेच नाहीत, उन्हाळी वेळ सुरू झाल्याने घड्याळ २ वरून थेट ३ वर गेलं. जावाचा झोन्डडेटटाइम (टाइमझोनसकट वेळ धरणारा क्लास) तिथेही निमूटपणे ३:३० करून देतो. म्हणून आधी झोनरूल्सचं गेटव्हॅलिडऑफसेट्स बघा, ते त्या वेळेला लागू होणाऱ्या ऑफसेटची (यूटीसीपासूनच्या फरकाची) यादी देतं: यादी रिकामी आली तर ती वेळ अस्तित्वातच नाही, दोन ऑफसेट आले तर ती वेळ दोनदा येते. दुसऱ्या बाबतीत युजरलाच विचारावं, आपण अंदाज बांधू नये.