दुहेरी कास्ट मारला की बिल्ड हिरवं; याला दुरुस्ती म्हणायचं का?

घाटमाथा
यू-बूटमधला (ऑपरेटिंग सिस्टिम चालू करून देणारा बूटलोडर) एक एसडी कार्डाचा ड्रायव्हर. ३२ बिट आर्मवर वर्षानुवर्षं विनातक्रार बिल्ड होतोय. ६४ बिट आर्मसाठी घेतला की जीसीसी कंपाइलर अडतो: पॉइंटर वेगळ्या आकाराच्या इंटिजरमध्ये कास्ट केलाय (जबरदस्तीने प्रकार बदललाय) म्हणे. तशी ही वॉर्निंगच, पण सीआयमध्ये (आपोआप होणाऱ्या बिल्ड-तपासणीत) वॉर्निंगलाच एरर मानतात. ओळ बघितली तर बफरचा पत्ता सरळ यू३२ (३२ बिट इंटिजर) करून डीएमए डिस्क्रिप्टरमध्ये कोंबलाय, म्हणजे सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहिणाऱ्या हार्डवेअरला पत्ता सांगणाऱ्या नोंदीत. यावर सर्रास येणारा पॅच म्हणजे आधी यूइंटपीटीआर_टी (पॉइंटर मावेल एवढा इंटिजर), मग यू३२. एरर गायब, पॅच मर्ज! माझ्या मते हे नुसतं तोंड दाबणं आहे. वरचे ३२ बिट आधीसारखेच गळतात, फक्त कंपाइलर आता ओरडत नाही.

रजिस्टरराव
साफ असहमत. डिस्क्रिप्टरमध्ये पत्त्याला जागाच ३२ बिटांची आहे. सीमध्ये काहीही लिहा, तेहतिसावा बिट जाणार कुठे? यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो, पण ते टोक ४ जीबीच्या आत ठेवायची सोय बोर्डाच्या कोडमध्ये आहे आणि लोक ती वापरतात. बफर खालीच राहतो. उगाच बाऊ कशाला?

घाटमाथा
स्टॅक आणि मॅलॉकचं, म्हणजे यू-बूटच्या स्वतःच्या बफरचं, ठीक. पण रजिस्टरराव, लोड कमांडला पत्ता वापरणारा देतो. ८ जीबीच्या बोर्डावर कोणी ४ जीबीच्या वरचा पत्ता दिला, तर एमएमसीचं (कार्डाचं) रीड थेट त्या बफरवर जातं. डीएमए मात्र लिहिणार भलतीकडेच, खालच्या ३२ बिटांच्या पत्त्यावर. तिथे यू-बूटच्याच कामाचं काही असेल तर ते गेलं. मग इमेजचा चेकसम का चुकतो म्हणून कार्ड बदलत बसा! कास्टच्या आधी पत्ता तपासा. वर असेल तर एरर परत करा, नाहीतर खालच्या बाउन्स बफरमधून (मधल्या तात्पुरत्या बफरमधून) कॉपी करा. मोजून चार ओळी.

केकॉन्फिगवाला
एवढा खटाटोप कशाला? हा कंट्रोलर फक्त ३२ बिट चिपमध्ये असेल, तर केकॉन्फिगमध्ये (कुठला कोड बिल्ड करायचा ते ठरवणाऱ्या फाइलीत) 'डिपेंड्स ऑन आर्म, ६४ बिट नको' लिहा आणि मोकळे व्हा.

घाटमाथा
असेल तर! व्हेंडर तोच ब्लॉक उचलून पुढच्या ६४ बिट चिपमध्ये टाकतात. लिनक्स कर्नलमध्ये कंपाइल_टेस्ट आहे ते का? ड्रायव्हर दुसऱ्या आर्किटेक्चरवर बिल्ड करून अशा चुका पकडता याव्यात म्हणूनच ना. दार बंद केलं की ती संधीही गेली.

रजिस्टरराव
मुद्दा लोड कमांडपुरता मान्य. पण 'चार ओळी' म्हणणाऱ्यांनी एसपीएल (यू-बूटच्या आधी चालणारा त्याचाच छोटा पहिला टप्पा) बघावा. ऑलविनर ए६४ चिपवर तो ३२ केबीत बसवावा लागतो. तिथे बाउन्स बफरचा कोड कोण घुसवू देईल?

घाटमाथा
ए६४ ला रॅमच जास्तीत जास्त ३ जीबी. तिथे तपासणी वगळा की!

रजिस्टरराव
म्हणजे पुन्हा केकॉन्फिगच. मग मघाशी त्या बिचाऱ्याला का झापलंत?